भेगेकरीण

सुकी नदीच्या काठी, सावद्याच्या अलीकडे,
केळीच्या बागांखाली आमची वस्ती.
माणसं वर राहतात, आम्ही आत.
आमच्यात थोर म्हणजे खोल.
तळाला झिरा, तळाला गारवा,
तळाला पांढऱ्या शाडूत झिरेकरांची बैठक.
ते पाण्याला नावानं हाक मारतात
आणि पाणी येतं म्हणे, मांजरासारखं, पायाशी.

आम्ही भेगेकर. वरच्या चार हातांतले.
नांगराचा फाळ आमच्या छपरातून जातो,
वैशाखात काळी तडकते ती आमच्याच डोक्यावर.
आमची विद्या एवढीच:
जिभेवर ढेकूळ ठेवायचं,
विरघळेपर्यंत बोलायचं नाही,
मग फाटल्या कडांना बोटं लावून
मातीला तिची जुनी ओल आठवून द्यायची.
आठवली की मिटते.

झिरेकर हिला विद्या म्हणत नसत.
म्हणत, शिवणकाम.

माझी माय उखी. तिची जीभ टाळूपर्यंत काळी.
एका उन्हाळ्यात एकशे नव्वद भेगा मिटवायची.
मोबदला महिन्याला एक शिंपलाभर पाणी,
तेही काठीच्या टोकावर ठेवून खालून वर सारलेलं,
आमची धूळ त्यांच्यात पडू नये म्हणून.
मी लहानपणी विचारलं, पाण्याचं नाव काय गं?
मायनं माझं तोंड दाबलं.
"ते आपलं नही, बाई. माती बोलते ते आयक."

मग बोअर आले.
आधी दोनशे फूट. मग चारशे.
मग एका रात्री सातशेवर
दात खात गेलेलं लोखंड
झिरेकरांच्या बैठकीतून आरपार.
त्यांनी हाक मारली. पाणी आलं नाही.
ते पाइपातून वर चाललं होतं,
दुसऱ्याच कुणाच्या बटणाला ओ देत.

आणि वर, आमच्याकडे, ठिबकच्या नळ्या.
दर दीड हातावर थेंब, सकाळ-संध्याकाळ,
केळीच्या बुंध्यापाशी,
न मागता, नाव न घेता.
आमच्या छपराला ओल!
माय जन्मात पहिल्यांदा रिकामी बसली
आणि हातांचं काय करावं ते तिला कळेना.

ते आले तेव्हा अमावस्या होती.
पुढे निमाजी झिरेकर,
शाडू वाळून अंगाचे पापुद्रे सुटलेले,
हातात तोच शिंपला.
म्हणाला, जागा द्या. आणि ते... ते शिवणकाम शिकवा.
मायनं ढेकूळ त्याच्या तळहातावर ठेवलं.
"खा."
त्यानं खाल्लं. थुंकला. पुन्हा खाल्लं.
तिसऱ्या खेपेला त्याचे डोळे भरले.
"आलं बघा," माय म्हणाली,
"पाणी. बिननावाचं."

त्याची लेक आंबरी, माझ्याच वयाची.
तिनं मिटवलेली पहिली भेग
कपाळावरच्या टाक्यासारखी वाकडी.
अजून तशीच आहे,
सहाव्या ओळीत, तिसऱ्या केळीपाशी.
दुपारी तिथून उजेडाची एक काडी आत येते.

आता ती आमच्यात राहते.
म्हणजे अगदी आमच्यात नाही. जरा खाली,
चार हातांच्या पलीकडे,
जिथे ठिबकची ओल पोचत नाही.
काल ती वर यायला निघाली होती.
तोंडात ढेकूळ, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं.
मी म्हटलं, थांब तिथंच.

आवाज माझाच होता.
हातात काठी होती,
आणि काठीच्या टोकावर
शिंपला,
अर्धा भरलेला.